एच. आर. ह्यूज यांच्या नावे

१९७१ साली झुरिकमधल्या एका बँकेत हेल्गा ह्यूज नावाची बाई खातं उघडायला आली. डोक्यावर केसांचा टोप होता, हातात स्विस पासपोर्ट. पुढच्या काही महिन्यांत तिने त्या खात्यात न्यूयॉर्कच्या मॅकग्रॉ-हिल या प्रकाशनसंस्थेचे धनादेश भरले आणि पैसे काढून नेले. धनादेशांवर नाव होतं ‘एच. आर. ह्यूज’. प्रकाशकांची समजूत अशी, की हॉवर्ड रोबार्ड ह्यूज या अमेरिकेतल्या अतिश्रीमंत आणि एकांतवासी उद्योगपतीला त्याच्या आत्मचरित्राचं मानधन पोहोचतं आहे. बँकेत आलेली बाई होती ईडिथ अर्व्हिंग. पेशाने चित्रकार, आणि कादंबरीकार क्लिफर्ड अर्व्हिंगची बायको. आत्मचरित्र ह्यूजने सांगितलेलं नव्हतं. अर्व्हिंग ह्यूजला जन्मात कधी भेटला नव्हता.

विसाव्या शतकातल्या या सर्वांत गाजलेल्या साहित्यिक फसवणुकीवर २००६ साली लासे हॉलस्ट्रॉमने ‘द होक्स’ हा चित्रपट केला. रिचर्ड गिअर त्यात अर्व्हिंग झाला आहे, तर आल्फ्रेड मोलिना त्याचा साथीदार रिचर्ड सस्किंड. त्याआधी, प्रकरण ताजं असतानाच, ऑर्सन वेल्सने ‘एफ फॉर फेक’मध्ये अर्व्हिंगला प्रत्यक्ष पडद्यावर आणलं होतं. दोन्ही चित्रपट मन लावून पाहावेत असे आहेत. पण दोन्हींची नजर अर्व्हिंगच्या धाडसावर खिळलेली आहे, आणि प्रेक्षकही त्याच्याकडेच ओढला जातो. ही हकिगत मला पुन्हा सांगावीशी वाटते ती जेम्स फेलन या बातमीदारासाठी. अर्व्हिंगचं पुस्तक वाचून भले भले फसले, कारण त्यात खरा मजकूर होता. तो मजकूर फेलनच्या मेहनतीचा होता.

ह्यूज कोण होता हे कळल्याशिवाय हे सगळं शक्य कसं झालं ते उमगत नाही. तरुणपणी तो चित्रपटनिर्माता होता, ‘हेल्स एंजल्स’ हा १९३०चा युद्धपट त्याचा. वैमानिक म्हणून त्याने १९३८ मध्ये चार दिवसांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा केली. ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स ही विमानकंपनी त्याच्या ताब्यात होती. लाकडाचं अवाढव्य विमान त्याने बांधलं आणि १९४७ मध्ये एकदाच, जेमतेम मिनिटभर, उडवलं. मग हा माणूस हळूहळू दिसेनासा झाला. ‘टाइम’च्या फ्रँक मॅककलकला १९५८ मध्ये दिलेल्या मुलाखतीनंतर त्याने कुणाही पत्रकाराला भेट दिली नाही. १९६६ पासून तो लास व्हेगासच्या डेझर्ट इन हॉटेलच्या वरच्या मजल्यावर पडदे ओढून राहिला. आपल्याच विमानकंपनीच्या खटल्यात तो साक्षीला उभा राहिला नाही. त्यापायी न्यायालयाने त्याच्याविरुद्ध कोट्यवधी डॉलरचा निवाडा दिला, तरीही तो खोलीबाहेर आला नाही. नोव्हेंबर १९७०मध्ये तो कुणालाही न दिसता बहामा बेटांवर निघून गेला. मागे त्याच्या व्यवसायात यादवी सुरू झाली. नेवाडातला त्याचा कारभारी रॉबर्ट मेह्यू याला काढून टाकण्यात आलं. ह्यूज जिवंत तरी आहे का, अशी चर्चा वृत्तपत्रांतून होऊ लागली.

या भांडणात ह्यूजने सहकाऱ्यांना स्वतःच्या हाताने लिहिलेलं एक पत्र बाहेर आलं आणि ‘न्यूजवीक’ने त्याच्या अक्षराचा नमुना छापला. भूमध्य समुद्रातल्या इबिझा बेटावर राहणाऱ्या अर्व्हिंगने तो पाहिला.

अर्व्हिंग तेव्हा चाळिशीला आला होता. जन्म न्यूयॉर्कचा, १९३०चा. काही कादंबऱ्या प्रसिद्ध झालेल्या. समीक्षकांनी बऱ्यापैकी नावाजलेल्या, पण विक्री यथातथाच. अलीकडचं त्याचं पुस्तक चरित्र होतं. इबिझावरच राहणाऱ्या एल्मिर द होरी या हंगेरियन चित्रकाराचं, १९६९ साली मॅकग्रॉ-हिलनेच काढलेलं. एल्मिर मातीस, मोदिल्यानी, पिकासो यांच्या शैलीत चित्रं काढी आणि त्याचे दलाल ती अस्सल म्हणून विकत. डॅलसचा तेलसम्राट अल्गर मेडोज याच्या संग्रहात अशी कितीतरी चित्रं जाऊन बसली होती. अर्व्हिंगने महिनोन्‌महिने एल्मिरची कहाणी टिपून घेतली. खोट्या चित्राला तज्ज्ञ कसे फसतात, हे त्याला त्या कामातून जवळून कळलं. ज्या माणसाला आपल्या संग्रहात मातीस हवाच असतो त्याची नजर आधीच अर्धी राजी झालेली असते. माझ्या मते अर्व्हिंगच्या पुढच्या सगळ्या कारस्थानाचं बीज याच चरित्रलेखनात आहे. ‘द होक्स’ पाहताना हा धागा हाताला नीट लागत नाही. चित्रपटाने त्याचा इबिझाचा संसारही उचलून अमेरिकेत आणून ठेवला आहे, आणि बेटावरचं ते कलावंतांचं, दलालांचं, हौशी परदेशस्थांचं जग त्यामुळे पडद्यावरून गेलं आहे.

मायोर्का बेटावर राहणारा सस्किंड मुलांसाठी पुस्तकं लिहायचा. संदर्भ खणून काढण्यात तरबेज. दोघांनी मिळून बेत ठरवला. अर्व्हिंगने पिवळ्या रेघी कागदांवर ह्यूजच्या अक्षरात स्वतःला आलेली पत्रं लिहिली. एल्मिरवरचं पुस्तक आवडलं, आपली जीवनकथा सांगायला आपण तयार आहोत, मात्र कमालीची गुप्तता हवी, असा त्यांचा आशय. ही पत्रं त्याने मॅकग्रॉ-हिलला दाखवली.

गुप्ततेची ती अट या डावाचा कणा होती. ह्यूज एकलकोंडा, संशयी, त्यामुळे अशी अट घालणार हे सगळ्यांना पटण्यासारखंच होतं. करार थोड्याच अधिकाऱ्यांना ठाऊक राहील, कामाचा उल्लेख ‘ऑक्टाव्हिओ’ या टोपणनावाने होईल, ह्यूजच्या कंपनीत कुणी फोन करायचा नाही, त्याच्या वकिलांना विचारायचं नाही, नाहीतर म्हातारा बिथरेल आणि पुस्तक हातचं जाईल. प्रकाशनसंस्थेतल्या अनुभवी, हुशार माणसांनी हे सगळं मानलं. एका फोनने जे उघडं पडलं असतं ते वर्षभर झाकलेलं राहिलं. ह्यूजचा वाटा आणि अर्व्हिंगचा वाटा धरून मानधन शेवटी ७,६५,००० डॉलरपर्यंत चढलं. त्यातले एक लाख अर्व्हिंगचे, बाकीचे ‘एच. आर. ह्यूज’ यांचे. ‘लाइफ’ साप्ताहिकाने क्रमशः छापण्याचे हक्क अडीच लाखांना घेतले.

अर्व्हिंग लबाड होता हे खरंच, पण त्याच्यासमोर बसलेल्या लोकांनाही ते पुस्तक हवं होतं. जगातला कुठलाही प्रकाशक ज्यासाठी जीव टाकेल असं आत्मचरित्र त्यांच्या दारी चालत आलं होतं. ते खोटं निघावं असं त्या इमारतीत कुणालाच वाटत नव्हतं.

अर्व्हिंग आणि सस्किंड कामाला लागले. भेटींचा देखावा उभा करायला अर्व्हिंग खरोखर प्रवास करी. मेक्सिकोतल्या वाहाकाजवळच्या डोंगरावर ह्यूज भेटला, कधी तो बेटावरच्या हॉटेलात भेटला, कधी रस्त्याकडेला उभ्या केलेल्या मोटारीत. सस्किंडनेही एकदा ह्यूजला ओझरतं पाहिलं, आणि त्याने खिशातून काढून एक सुकं आलुबुखार खायला दिलं, असा एक प्रसंग त्यांनी रचला. या आलुबुखारात त्यांची खरी हातोटी दिसते. मोठं खोटं बोलणारे पुष्कळ असतात. ज्याचा काहीच उपयोग नाही असा बारीक तपशील पेरायला कादंबरीकाराचा हात लागतो. ‘मुलाखती’ही त्यांनी खरोखरच घेतल्या. ध्वनिमुद्रणयंत्र सुरू करून एकाने ह्यूज व्हायचं, दुसऱ्याने प्रश्न विचारायचे, मग अदलाबदल. ग्रंथालयं धुंडाळली, ‘टाइम’ आणि ‘लाइफ’च्या कात्रणांच्या संग्रहापर्यंतही ते पोहोचले. एवढं करूनही छापील कात्रणांतून फार तर एक टापटिपीचं चरित्र तयार झालं असतं. ज्या माणसाला कुणी भेटू शकत नाही त्याचा आवाज, त्याची चिडचिड, बंद दाराआडचं बोलणं यांतलं काहीच कात्रणांत नव्हतं.

ते फेलनकडे होतं.

ह्यूजकडे नोआ डीट्रिक नावाचा गृहस्थ १९२५ पासून १९५७ पर्यंत हिशेबनीस आणि पुढे मुख्य कारभारी होता. ह्यूजचं साम्राज्य रोजच्या रोज चालवलं ते त्याने. दोघांचं बिनसलं, डीट्रिक बाहेर पडला, आणि म्हातारपणी त्याला आपल्या आठवणी सांगायच्या होत्या. शब्दांकनाचं काम जेम्स फेलनकडे आलं. फेलन शोधपत्रकार, ह्यूजच्या व्यवहारांचा त्याने वर्षानुवर्षं माग काढलेला. त्याने डीट्रिकला बोलतं केलं, आठवणी तपासल्या, तारखा जुळवल्या, आणि एका सहकाऱ्याच्या डोळ्यांना दिसलेला ह्यूज पहिल्यांदाच कागदावर उतरवला. हस्तलिखित पुरं होत आलं तेव्हा डीट्रिकच्या वतीने व्यवहार पाहणारा हॉलिवूडचा निर्माता स्टॅनली मेयर त्यावर फारसा खूश नव्हता. १९७१च्या उन्हाळ्यात त्याची अर्व्हिंगशी गाठ पडली. हे जरा नव्याने लिहून द्याल का, असं म्हणत त्याने फेलनचं हस्तलिखित अर्व्हिंगच्या हातात ठेवलं. फेलनला याचा पत्ता नव्हता. अर्व्हिंगने त्याची नक्कल काढून घेतली, मूळ प्रत परत केली, आणि आपल्याला हे काम जमणार नाही असं कळवलं.

शब्दांकन करणाऱ्याचं नाव बहुतेकदा मुखपृष्ठावर लहान अक्षरात येतं, कधी येतही नाही. दुसऱ्याच्या आयुष्याला भाषा देणं हे काम कसोटीचं आहे. सांगणाऱ्याची लय सांभाळायची, त्याच्या आठवणीतल्या चुका पकडायच्या, त्याचा राग दिसू द्यायचा पण त्याच्या रागाने लिहायचं नाही. फेलनने हे सगळं केलं होतं. अर्व्हिंगने ते उचलून ‘तो’च्या जागी ‘मी’ आणला. डीट्रिकने पाहिलेले प्रसंग आता ह्यूज स्वतः सांगू लागला. ‘द होक्स’मध्ये डीट्रिकची भूमिका ईलाय वॉलकने मोठ्या रंगतदारपणे केली आहे, आणि हस्तलिखित लाटण्याचा प्रसंग गमतीत निघून जातो. माझ्या लेखी संपूर्ण प्रकरणातला सर्वांत हीन क्षण तोच आहे. प्रकाशकाचे पैसे पुढे परत मिळाले. फेलनचं पुस्तक फेलनला परत मिळालं नाही. त्याला त्या कामावरून दूर करण्यात आलं आणि डीट्रिकच्या आठवणी १९७२ मध्ये दुसऱ्याच लेखकाच्या शब्दांत बाहेर आल्या.

७ डिसेंबर १९७१ रोजी मॅकग्रॉ-हिलने हॉवर्ड ह्यूजचं आत्मचरित्र जाहीर केलं. पुढच्या मार्चमध्ये ते यायचं होतं. ह्यूजच्या कंपनीने लगेच इन्कार केला; पण इन्कार तर अपेक्षितच होता, ह्यूजच्या माणसांना त्याने अंधारात ठेवलं असणार! मग कसोट्या सुरू झाल्या, आणि एकेका कसोटीवर खोटं आणखी बळकट होत गेलं. लिंडबर्ग अपहरण खटल्यात साक्ष दिलेल्या ऑस्बर्न घराण्याची हस्ताक्षर तपासणारी पेढी न्यूयॉर्कमध्ये होती. तिने अर्व्हिंगने लिहिलेली पत्रं ह्यूजचीच ठरवली. सत्यशोधक यंत्रासमोर अर्व्हिंगला बसवलं, तर विसंगती दिसल्या पण खोटेपणा सिद्ध झाला नाही. फ्रँक मॅककलकला, ह्यूजची शेवटची मुलाखत घेणाऱ्याला, खुद्द ह्यूजने फोन करून सांगितलं की हे सगळं थोतांड आहे. मॅककलकने आवाज ओळखला. तरी टंकलिखित प्रत वाचल्यावर त्याचंच मत फिरलं: हा माणूस असाच बोलतो, हे तपशील बाहेरच्याला ठाऊक असणं शक्य नाही. त्याचा कान तयार होता, त्याने बरोबरच ओळखलं. डीट्रिकने बत्तीस वर्षं ऐकलेला ह्यूजच तो होता, फेलनने टिपलेला.

७ जानेवारी १९७२ रोजी ह्यूजने जे कधी केलं नव्हतं ते केलं. लॉस एंजेलिसमध्ये सात पत्रकारांना एकत्र बसवण्यात आलं आणि बहामातून त्याचा आवाज ध्वनिक्षेपकावर आला. सातही जण त्याला पूर्वी ओळखणारे. दोन तासांहून अधिक वेळ त्यांनी त्याला जुन्या विमानांच्या रचनेपासून जुन्या मित्रांपर्यंत प्रश्न विचारले. काही उत्तरं त्याला आली नाहीत, पुष्कळ आली, आणि हा ह्यूजच आहे याबद्दल त्यांची खात्री पटली. अर्व्हिंगला आपण ओळखत नाही, त्याचं नावही अलीकडेच ऐकलं, असं त्याने सांगितलं. मेह्यूवरही त्याने चोरीचा आरोप केला आणि त्यापायी बदनामीचा एक वेगळाच खटला ओढवून घेतला. अर्व्हिंग हबकला नाही. तो आवाजच खोटा असावा, असं त्याचं म्हणणं. टीव्हीवरच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’मध्ये माइक वॉलेससमोर तो शांतपणे, डोळ्याला डोळा देऊन बोलला.

आवाजाबद्दल वाद घालता आला, बँकेच्या नोंदींबद्दल घालता येईना. पैसे कुठे गेले हे शोधायला ह्यूजच्या बाजूने तपासनीस लागले होते. स्विस बँका गुप्तता पाळतात, पण इथे बँकेचीच फसवणूक झाली होती, तेव्हा तिथल्या पोलिसांनी दार उघडलं. एच. आर. ह्यूज ही बाई आहे हे बाहेर आलं. बाईच्या वर्णनावरून माग थेट इबिझाला पोहोचला. जानेवारी संपता संपता हेल्गा म्हणजे ईडिथच, हे अर्व्हिंग दांपत्याला मान्य करावं लागलं. राहता राहिल्या ह्यूजच्या भेटी. त्या नीना फान पालांट या डॅनिश गायिकेने मोडल्या. मेक्सिकोत ज्या दिवसांत अर्व्हिंग ह्यूजला भेटला म्हणत होता त्या दिवसांत तो तिच्यासोबत होता, आणि कुणाला गुप्तपणे भेटून यायला सवडच नव्हती, असं तिने तपास अधिकाऱ्यांना सांगितलं. ईडिथला नवऱ्याचं हे प्रकरण साऱ्या जगाबरोबर वर्तमानपत्रांतून वाचावं लागलं.

मग फेलन न्यूयॉर्कला आला. आपलं हस्तलिखित सोबत घेऊन. अर्व्हिंगची प्रत समोर ठेवून त्याने एकेक प्रसंग ताडून पाहिला, आणि प्रसंगामागून प्रसंग जुळत गेले. तज्ज्ञांना जे जमलं नव्हतं ते एका लेखकाने आपली वाक्यं ओळखून केलं. ज्या तपशिलांमुळे सगळ्यांना पुस्तक अस्सल वाटलं होतं ते कुठून आले याचं उत्तर आता टेबलावर होतं. पुस्तक रद्द झालं. ‘टाइम’ने फेब्रुवारीतल्या अंकावर अर्व्हिंगला ‘या वर्षीचा ठक’ म्हणून झळकवलं. मुखपृष्ठावरचं चित्र काढलं होतं एल्मिर द होरीने.

मार्चमध्ये आरोपींनी गुन्हा कबूल केला, जूनमध्ये शिक्षा झाल्या. अर्व्हिंगला अडीच वर्षांची. सतरा महिने भोगून तो बाहेर आला. सस्किंडला सहा महिने. ईडिथने अमेरिकेत दोन महिन्यांचा तुरुंगवास भोगला आणि मग स्वित्झर्लंडमध्ये तिच्यावर वेगळा खटला चालला. तिथे तिने आणखी चौदा महिने तुरुंगात काढले. बनावट पासपोर्ट तिच्या फोटोचा होता, बँकेतल्या सह्या तिच्या हाताच्या होत्या. दोन लहान मुलं घरी होती. लग्न टिकलं नाही. ‘द होक्स’मध्ये मार्सिया गे हार्डनने तिला माणूसपण दिलं आहे, नवऱ्याच्या शब्दावर विसंबून बँकेच्या काउंटरपुढे उभं राहताना तिची होणारी घालमेल हा मला त्या चित्रपटाचा सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो.

बाकी चित्रपटाने बरंच काही स्वतःच्या पदरचं घातलं आहे. त्यात ह्यूजच अर्व्हिंगला टपालाने कागदपत्रांची पेटी पाठवतो, आणि ह्यूजने पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या निक्सनच्या भावाला दिलेल्या कर्जाचा धागा पकडून अर्व्हिंगचं पुस्तक वॉटरगेट प्रकरणापर्यंत नेऊन भिडवलं आहे. कर्ज खरं होतं, २,०५,००० डॉलरचं, १९५६ मधलं. पण एका लेखकाच्या फसवणुकीला राष्ट्राध्यक्षाच्या पतनाचं कारण बनवल्याने ती फसवणूक मोठी होते आणि तिचा गुन्हा पुसट होतो. हा बदल मला खटकतो. अर्व्हिंगलाही चित्रपट पसंत पडला नाही, आणि सल्लागार म्हणून आलेलं नाव त्याने काढून घ्यायला लावलं.

वेल्सचा चित्रपट याहून खूप खोल जातो. फ्रान्स्वा राइशेनबाखने एल्मिरवर माहितीपट करायला घेतला होता. त्यात एल्मिरचा चरित्रकार म्हणून अर्व्हिंग कॅमेऱ्यासमोर बसून खोटेपणावर गंभीरपणे बोलत होता, आणि त्याच काळात त्याच्या डोक्यात ह्यूजचं आत्मचरित्र शिजत होतं. प्रकरणाचा स्फोट झाल्यावर तेच चित्रण वेल्सच्या हाती आलं. संकलनाच्या टेबलाशी बसून त्याने त्या चेहऱ्याकडे पुन्हा पुन्हा पाहिलं, आणि आपल्यालाही पाहायला लावलं. स्वतः वेल्सने तरुणपणी रेडिओवरून मंगळवासीयांच्या स्वारीचं नाटक करून लोकांना घाबरवलं होतं. अर्व्हिंगकडे पाहताना त्याच्या नजरेत तिरस्कारापेक्षा ओळख जास्त आहे. नकली कलाकृती आणि तिची पारख करणारे तज्ज्ञ यांच्यावर याहून मर्मज्ञ चित्रपट मी पाहिलेला नाही. पण त्यातही चोरीला गेलेल्या पुस्तकाचा लेखक नाही.

ह्यूज एप्रिल १९७६ मध्ये वारला, अकापुल्कोहून ह्यूस्टनला नेत असताना विमानातच. त्याच वर्षाच्या अखेरीस रँडम हाउसने जेम्स फेलनचं एक पुस्तक प्रसिद्ध केलं, ‘हॉवर्ड ह्यूज: द हिडन इयर्स’. ह्यूजच्या शेवटच्या वर्षांत त्याची सेवा करणारे गॉर्डन मार्ग्युलिस आणि मेल स्ट्युअर्ट हे दोन मदतनीस फेलनशी बोलले होते. वाढलेली नखं, खंगलेली शरीरयष्टी, औषधांच्या अमलाखालचे दिवस, अंधाऱ्या खोलीत पुन्हा पुन्हा लावलेले तेच चित्रपट, हे सगळं त्या दोघांनी रोज पाहिलं होतं. या पुस्तकाचं कामही प्रकाशकाने अगदी गुप्त ठेवलं होतं. फरक इतकाच होता की पुस्तक वाचकाच्या हाती आलं तेव्हा कोणती गोष्ट कुणी सांगितली हे त्यात स्पष्ट होतं, आणि ती सांगणारी दोन्ही माणसं नावानिशी, खरीखुरी, विचारायला गेलं तर भेटतील अशी होती.